सोशिकपणा आणि पाठीचे दुखणे : जॉन सार्नो यांच्या ‘हीलिंग बॅक पेन’चे आंबोलीच्या संदर्भात पुनर्वाचन

प्रास्ताविक

सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेले आंबोली हे सावंतवाडी तालुक्यातील गाव एकोणिसाव्या शतकापासून थंड हवेचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. ‘हवापालट’ हा मराठी मध्यमवर्गाच्या जुन्या वैद्यकीय शब्दसंग्रहातील एक आवडता शब्द. औषधाने न हटणारे दुखणे, झोप न लागणे, जीव घाबरा होणे अशा तक्रारींवर डॉक्टर हवापालट सुचवीत आणि ज्यांना परवडे ते महाबळेश्वरला, माथेरानला किंवा आंबोलीसारख्या ठिकाणी जात. तेथे बरे वाटे; घरी परतल्यावर काही दिवसांत दुखणे पुन्हा डोके वर काढी. हवा बदलली म्हणून बरे वाटले, की घर काही काळ सुटले म्हणून, हा प्रश्न सहसा विचारला गेला नाही. ज्या बाईचे घरच आंबोलीत आहे तिने हवापालटासाठी कोठे जावे, हा प्रश्न तर मुळीच विचारला गेला नाही.

येथे वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसापूर्वी लाकूडफाटा घरात यावा लागतो, तो डोक्यावरून येतो. पाऊस लागला की भाताची लावणी दिवसभर वाकून होते. पाठ दुखण्यास एवढे कारण पुरेसे आहे, असे कोणीही म्हणेल. परंतु लावणी संपते, भाऱ्यांचे दिवस संपतात आणि तरीही काहींची पाठ वर्षानुवर्षे दुखत राहते. घाट उतरून सावंतवाडी, तेथून पुढे गोव्यातील बांबोळी, असा प्रवास करून तपासण्यांची फाईल जाड होते. दुखणे मात्र तेथेच राहते. अशा न हटणाऱ्या पाठदुखीचे मूळ मणक्यात नसून ताणात आणि दडपलेल्या भावनांत आहे, असे सांगणारे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे अमेरिकन वैद्य जॉन सार्नो यांचे ‘हीलिंग बॅक पेन’ (१९९१). प्रस्तुत लेखात या पुस्तकाचा विचार वैद्यकीय ग्रंथ म्हणून कमी आणि आजाराची व बरे होण्याची गोष्ट सांगणारी संहिता म्हणून अधिक केला आहे. ही गोष्ट मराठी भाषेत, त्यातही सिंधुदुर्गातील एखाद्या घाटमाथ्यावरील गावात, कोठवर लागू पडते आणि कोठे अडते, हे पाहणे हा येथील हेतू आहे.

पुस्तकाची मांडणी

सार्नो (१९२३–२०१७) हे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रस्क पुनर्वसन संस्थेत दीर्घकाळ कार्यरत होते. पाठदुखीच्या रुग्णांना प्रचलित उपचारांनी टिकाऊ आराम पडत नाही आणि एक्स-रेमधील दोष व रुग्णाला होणारी वेदना यांचा मेळ बसत नाही, हा अनुभव त्यांच्या विचाराचा प्रारंभबिंदू आहे. त्यांच्या मते मनात, जाणिवेच्या खाली, संतापाचा साठा असतो. तो वर येऊ नये म्हणून मेंदू लक्ष दुसरीकडे वळवतो. त्यासाठी तो स्नायू व नसा यांचा रक्तपुरवठा किंचित कमी करतो आणि त्यातून खरीखुरी वेदना निर्माण होते. या विकाराला त्यांनी ‘टेन्शन मायोसायटिस सिंड्रोम’ असे नाव दिले. उपचार म्हणजे ज्ञान : दोन व्याख्याने, रोज मनाशी घोळवायची बारा वाक्ये, शारीरिक उपचार थांबवणे, हालचालींची भीती टाकून नेहमीची कामे सुरू करणे आणि दुखू लागताच ‘मला कशाचा राग आला आहे?’ असा शोध घेणे. हा विकार विशेषतः कोणाला होतो, याचेही उत्तर पुस्तकात आहे. जो स्वतःकडून फार अपेक्षा ठेवतो, सर्वांशी चांगले वागण्याचा अट्टाहास धरतो, कोणालाही दुखवत नाही, अशा माणसाला.

पुस्तकाचा वाचकावरील परिणाम केवळ सिद्धान्तातून आलेला नाही. सार्नो वाचकाला एकाच दमात दोन दिलासे देतात. तुझी वेदना खोटी नाही, हा पहिला. तुझी पाठ मोडलेली नाही, हा दुसरा. वर्षानुवर्षे ‘तुम्हाला काही झालेले नाही’ आणि ‘तुमच्या मणक्यांची वाट लागली आहे’ या दोन परस्परविरोधी निकालांत अडकलेल्या रुग्णाला ही वाट सुटकेची वाटली, यात नवल नाही. वाचूनच पाठ बरी झाली असे सांगणारे असंख्य वाचक या पुस्तकाला लाभले. समीक्षेच्या दृष्टीने हे दुर्मीळ उदाहरण आहे : येथे वाचन हाच औषधोपचार आहे.

या कथनाचा पूर्वज शोधायचा तर १८९५ पर्यंत मागे जावे लागते. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या ‘उन्मादाचे अध्ययन’ या ग्रंथातील एलिझाबेथ फॉन आर. ही चोवीस वर्षांची तरुणी पायांच्या वेदनेमुळे कष्टाने चालत असे. तिने आजारी वडिलांची दीर्घकाळ शुश्रूषा केली होती. पट्टी बदलताना वडिलांचा सुजलेला पाय ज्या मांडीवर ठेवला जाई, तीच मांडी अधिक दुखे. पुढे बहिणीच्या मृत्युशय्येपाशी, आता मेहुणा मोकळा झाला, असा विचार तिच्या मनात चमकून गेला आणि तिने तो गाडून टाकला, असे फ्रॉइडने निदान केले. आपल्या रुग्णेतिहासांना कथावाङ्मयाचे रूप येते याची फ्रॉइडलाही थोडी संकोचयुक्त जाणीव होती. मात्र या गोष्टीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. या स्त्रीने उतारवयात आपल्या मुलीपाशी काढलेल्या आठवणीनुसार, तो तरुण दाढीवाला डॉक्टर ‘तू मेहुण्यावर प्रेम करतेस’ हे तिला पटवू पाहत होता. पण तसे काही नव्हते. कोणाची गोष्ट खरी, हे आज ठरवता येणार नाही. रुग्णाच्या वेदनेचे कारण रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने लिहिले की त्यात लेखकाची सही उमटते, एवढे मात्र दिसते.

पुराव्याचा प्रश्न

सार्नो यांचा अर्धा दावा काळाने उचलून धरला आहे, हे मान्य केले पाहिजे. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींच्या एमआरआय प्रतिमा तपासल्या गेल्या. त्यांतील ५२ टक्के व्यक्तींच्या किमान एका चकतीला फुगवटा होता. सर्व चकत्या निर्दोष असणारे केवळ ३६ टक्के निघाले. २०१५ मधील एका व्यापक आढाव्यात पाठदुखी नसलेल्या ३११० व्यक्तींची माहिती एकत्र केली गेली. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत दिसली. म्हणजे मणक्याची झीज हे बहुतेकांच्या बाबतीत केस पांढरे होण्यासारखे आहे. आपल्याकडे मात्र ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘नस दबली आहे’ ही तीन वाक्ये दवाखान्यातून घरी येतात आणि घरातच मुक्काम ठोकतात. ‘गॅप’ हा शब्द ऐकलेला माणूस वाकताना त्या फटीचाच विचार करतो, कंबरपट्टा बांधतो, उचलणे सोडतो, आणि न वापरलेली पाठ अधिकच आखडत जाते. शब्दाने दुखणे वाढते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना तरी अविश्वसनीय वाटू नये.

उपचाराच्या बाजूनेही पुरावा येत आहे. अमेरिकेतील बोल्डर येथे १५१ रुग्णांवर झालेल्या आणि ‘जामा सायकियाट्री’ने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत (२०२२) एका गटाला चार आठवडे, वेदना म्हणजे इजा नव्हे, ती मेंदूने दिलेली चुकीची धोक्याची सूचना आहे, असे समजावणारी मानसोपचार पद्धती देण्यात आली. त्या गटातील ६६ टक्के रुग्णांची पाठदुखी पूर्णतः किंवा जवळजवळ नाहीशी झाली. खोटे इंजेक्शन दिलेल्या गटात हे प्रमाण २० टक्के आणि नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्या गटात १० टक्के होते. वर्षभरानंतरही परिणाम बऱ्याच अंशी टिकून होता. पण हे रुग्ण बहुतांशी सुशिक्षित होते, त्यांची वेदना सौम्य ते मध्यम होती. शिवाय या पद्धतीत भर आहे तो भीती उतरवण्यावर; दडलेला संताप हा तिचा पाया नव्हे.

रक्तपुरवठा घटवून मेंदू लक्ष वळवतो, हा सार्नो यांचा गाभ्याचा सिद्धान्त अद्याप सिद्ध झालेला नाही. पुस्तकात दिलेल्या त्यांच्या स्वतःच्या पाहणीत १०९ रुग्णांपैकी ८८ टक्के बरे झाल्याचे म्हटले आहे. परंतु तेथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि ज्यांना हे निदान पटण्यासारखे नाही त्यांना ते आधीच वगळत असत. जो विश्वास ठेवतो तो बरा होतो आणि जो बरा झाला नाही त्याने पुरेसा विश्वास ठेवला नाही, असे हे वर्तुळ आहे. आजाराला रूपक बनवले की रुग्णाच्या माथी दोष येतो, असा इशारा सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये ‘इलनेस अ‍ॅज मेटॅफर’मध्ये क्षय आणि कर्करोग यांच्या संदर्भात दिला होता. मराठीत तर कणा हे आधीपासूनच चारित्र्याचे रूपक आहे. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेने ते घरोघरी पोचवले; कणाहीन म्हणजे लाचार, ताठ कण्याचा म्हणजे स्वाभिमानी. या भाषेत पाठ धरलेल्या माणसाला ‘हे तुझ्या मनाचे आहे’ असे सांगणे म्हणजे त्याच्या दुखण्यावर आणखी एक लाजेचा भारा ठेवणे होय.

मराठीतील समांतर

आजारातून आत्मशोधाकडे नेणारे मराठीतील ठळक पुस्तक म्हणजे डॉ. अभय बंग यांचे, राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केलेले ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. दोन्ही पुस्तकांत लेखक डॉक्टर आहे, पण बंग स्वतः रुग्णही आहेत. हा फरक लहान नाही. सार्नो दुसऱ्याच्या मनात दडलेले सांगतात. बंग आपल्याच जगण्याची झडती घेतात आणि वाचकाला शेजारी बसवतात. आर्थर फ्रँक यांनी ‘द वुंडेड स्टोरीटेलर’ (१९९५) मध्ये आजार-कथनांचे तीन प्रकार सांगितले : पूर्ववत होण्याची गोष्ट, विस्कळीतपणाची गोष्ट आणि शोधयात्रेची गोष्ट. सार्नो यांचे पुस्तक, मनाविषयी कितीही बोलले तरी, अखेरीस पहिल्या प्रकारचे आहे. पाठ होती तशी होते आणि गोष्ट संपते. बंग यांचे पुस्तक शीर्षकापासूनच तिसऱ्या प्रकारात मोडते. आहार, व्यायाम, ध्यान, कामाचा वेग, माणसांशी नाते आणि मृत्यू यांचा विचार तेथे एका धाग्यात येतो.

तथापि दोन्ही पुस्तकांचे एक गृहीत समान आहे : आपले आयुष्य बदलण्याचा काही अधिकार वाचकाच्या हाती आहे. कामाचा वेग कमी करता येतो, सकाळचा तास स्वतःसाठी राखता येतो, नात्यांविषयी मोकळेपणाने बोलता येते. बंग यांच्याच ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील खेड्यांत कंबरदुखी व गुडघेदुखी यांचे सर्वेक्षण केले आहे, हा योगायोग येथे विचारात घेण्याजोगा आहे. एकाच परिसरातून आत्मपरीक्षणाचे पुस्तकही आले आणि ज्यांच्या कंबरदुखीला आत्मपरीक्षणाची सवड नाही अशांची नोंदही आली. दुसऱ्या, विस्कळीतपणाच्या प्रकाराला पुस्तक मिळत नाही असे फ्रँक सुचवतात. आंबोलीतल्या त्या बाईची गोष्ट बहुधा याच प्रकारची आहे.

गिळलेला राग

सार्नो ज्याला चांगुलपणाचा अट्टाहास म्हणतात त्याला मराठीत तयार शब्द आहे : सोशिकपणा. मात्र शब्द भाषांतरित होतो तेव्हा त्याचे मोल उलटते. सार्नो यांच्या पुस्तकात तो दोष आहे, आजाराचे बीज आहे. मराठीत तो गुण आहे आणि विशेषतः बाईचा गुण आहे. ‘सून सोशिक आहे’ हे वाक्य लग्नघरात प्रशस्तिपत्र म्हणून वापरले जाते. ‘तिने फार सोसले’ हे वाक्य मृत्यूनंतर श्रद्धांजली म्हणून. या दोन वाक्यांच्या मधल्या काळात पाठ दुखते.

येथे ‘दमन’ या संकल्पनेची कसोटी लागते. मानसशास्त्रीय अर्थाने दमन म्हणजे जे स्वतःपासूनही लपलेले असते ते. पण मराठीत राग गिळतात, आवंढा गिळतात, मूग गिळून बसतात. गिळणाऱ्याला आपण काय गिळले हे माहीत असते. त्याची चवही आठवते. सोशिक बाईला आपल्या रागाचा पत्ता नसतो असे म्हणणे हा तिच्या बुद्धीचा अवमान आहे. कोणी काय बोलले, कोणत्या सणाला बोलले, तेव्हा चुलीवर काय होते, हे सारे तिला तपशिलासह ठाऊक असते. बहुतेक वेळा ते वाडीलाही ठाऊक असते. जे ठाऊक आहे ते बोलायला जागा नाही, अशी ही स्थिती आहे. सार्नो यांच्या सिद्धान्तात भावना नेणिवेत दडलेली आहे. येथे ती जाणिवेत असूनही अबोल आहे. हा फरक लक्षात न घेता त्यांचे पुस्तक जसेच्या तसे येथे लागू केले, तर जिला सर्व ठाऊक आहे तिलाच ‘स्वतःला ओळखा’ असे सांगितल्यासारखे होईल.

अबोलपणाला परंपरेचाही आधार आहे, परंतु तो वाटतो तितका एकेरी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात न आवरण्याचे आणि आवरण्याचे वेग सांगितले आहेत. भूक, तहान, झोप, शिंक यांसारखे शरीराचे तेरा वेग रोखू नयेत; लोभ, शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग मात्र आवरावेत, अशी ती विभागणी आहे. वरवर पाहता हे सार्नो यांच्या नेमके विरुद्ध आहे. परंतु न रोखण्याच्या तेरा वेगांत ‘बाष्प’ म्हणजे अश्रूही आहेत. शोक आवरावा, पण अश्रू अडवू नयेत! या दोन आज्ञा एकत्र कशा पाळायच्या, याचा उलगडा भाष्यकारांवर सोपवला तरी एवढे दिसते की भावना आणि तिची शारीरिक वाट यांत प्राचीन वैद्यकाने भेद केला होता. पुढच्या समाजाने पहिली आज्ञा लक्षात ठेवली आणि दुसरी विसरून गेला, असे म्हणावे लागते.

भाषेने मात्र ही जोडणी सोडलेली नाही. मराठीत ‘दुखणे’ हे क्रियापद आहे आणि आजाराचे नामही आहे. मन दुखावते आणि पाठही दुखते. दोन्हींच्या मुळाशी दुःख हा एकच शब्द आहे. पाठीत चमक भरते, उसण भरते, कंबर धरते. या प्रयोगांत वेदना स्वतःच येऊन माणसाला पकडते, तो तिचा कर्ता नसतो. कदाचित म्हणूनच मराठी बोलणाऱ्या माणसाला ‘तुझ्या मनानेच ही वेदना निर्माण केली’ हे वाक्य परके वाटते, आणि ‘काळजीने पाठ धरली’ हे वाक्य मात्र सहज पटते. दोन्ही वाक्यांचा आशय फार वेगळा नाही. दोष मात्र पहिल्यातच लागतो.

गिळलेले बोलून टाकण्याच्या जागा पूर्वी होत्या. जात्यावरची ओवी ही त्यांतली मोठी जागा. गी पोईतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, सासर, भाऊ, सवत, कष्ट यांविषयी एरवी जे बोलता येत नसे ते पहाटे दळताना गाता येई. अर्थात जात्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जाते ओढणे हे स्वतःच पाठ मोडणारे काम होते आणि ते गेले हे बरेच झाले. पण जात्याबरोबर बोलण्याचा तासही गेला. कोकणातील स्त्रियांच्या बाबतीत ‘गिरणी’ या एका शब्दात हा इतिहास मावतो : मुंबईच्या गिरणीने नवरा नेला आणि गावच्या गिरणीने जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक नवरे परतले, तेही बेकार होऊन. मनीऑर्डरवर एकटीने चालवलेल्या संसारात आणखी एका माणसाचे न बोललेले दुःख येऊन राहिले.

दुसरी जागा गाऱ्हाण्याची. सिंधुदुर्गातील ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालताना गावातील अडचणी, रोगराई, भांडणे, हरवलेले सुख, सारे मोठ्याने उच्चारले जाते आणि जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. एकाचे दुःख सर्वांनी ऐकले आणि होकारले, अशी ही रचना आहे. आधुनिक गटोपचाराशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु गाऱ्हाणे घालणारा बहुधा पुरुष मानकरी असतो. बाईचे गाऱ्हाणे त्याच्या तोंडून येते, म्हणजे गाळून येते. शिवाय ज्याच्याविरुद्ध तिची तक्रार आहे तोही ‘होय महाराजा’ म्हणणाऱ्यांत उभा असतो.

भावना बोलून दाखवल्याने वेदना कमी होते काय, या प्रश्नाला अलीकडे एक महत्त्वाचे उत्तर मिळाले आहे. साठीपुढील १२६ अमेरिकन माजी सैनिकांवर झालेल्या चाचणीत (२०२४) एका गटाला जुने आघात व राग ओळखून ते व्यक्त करण्याचा उपचार दिला गेला, दुसऱ्याला प्रचलित बोधात्मक वर्तनोपचार. वेदनेत किमान ३० टक्के घट पहिल्या गटातील ६३ टक्के आणि दुसऱ्यातील १७ टक्के रुग्णांत दिसली. सहभागींत बहुसंख्य पुरुष होते आणि त्यांचा राग व्यक्त झाला तो उपचारकासमोर, सुरक्षित खोलीत. ज्या घरात राग व्यक्त केल्याचा परिणाम त्याच रात्री भोगावा लागतो, तेथे हा निष्कर्ष जसाच्या तसा उतरवता येणार नाही. तरीही सार्नो यांनी अंदाजाने ज्या दिशेला बोट दाखवले होते ती दिशा सर्वस्वी चुकीची नव्हती, हे या चाचणीमुळे मानावे लागते.

ताणाचा पत्ता

सार्नो यांच्या पुस्तकात ताण बालपणात, स्वभावात आणि कुटुंबात राहतो. गाव, जमीन, सरकार यांचा त्यात उल्लेख नाही. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांत कबुलायतदार गावकर पद्धतीच्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आपल्या नावावर नाही, घर बांधायचे तर कागद नाही, कर्ज काढायचे तर तारण नाही, अशा अवस्थेत जगणाऱ्या माणसाच्या मनात संताप असेल तर तो शोधायला नेणिवेपर्यंत उतरावे लागत नाही. तो तलाठी कार्यालयाच्या पायरीवर दिसतो. अशा ताणाला मनोविकार म्हणणे हे वैद्यकाच्या भाषेत राजकारण झाकण्यासारखे आहे. मात्र या ताणाचा शरीराशी काही संबंध नाही, असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल. सातबाऱ्याची काळजी आणि आखडलेली पाठ एकाच शरीरात नांदतात.

दुसऱ्या बाजूची सावधगिरीही येथे नोंदवली पाहिजे. सार्नो स्वतः रीतसर शारीरिक तपासणीचा आग्रह धरीत. त्यांच्या उत्साही वाचकांनी तो अनेकदा सोडून दिला. आपल्या देशात मणक्याचा क्षय आजही आढळतो. रात्री वाढणारी वेदना, ताप, घटणारे वजन, पायांतील शक्ती जाणे, लघवीवरील ताबा सुटणे या खुणा असताना ‘मनाचे आहे’ म्हणणे घातक आहे. बाईच्या तक्रारीवर तर हा शिक्का फार लवकर बसतो. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील ६५० ग्रामीण स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते आणि फारच थोड्यांना पूर्वी उपचार मिळाले होते. त्यांचे न बोललेले दुखणे मनातले नव्हते, शरीरातले होते. त्याला फक्त कोणी विचारले नव्हते.

‘तक्रार’ हा शब्द मराठीत वैद्यकालाही चालतो आणि न्यायालयालाही. ‘पाठीची तक्रार आहे’ असे म्हणणाऱ्या बाईच्या वाक्यात दोन्ही अर्थ असू शकतात. दवाखान्यात तिला विचारले जाते, ‘कधीपासून दुखते?’ तिचे उत्तर सहसा तारखेत येत नाही. सासू अंथरुणाला खिळली तेव्हापासून, धाकटा मुंबईला गेला त्या पावसाळ्यापासून, वाटणी झाली त्या वर्षापासून, असे ते येते. कामाची घाई असलेला डॉक्टर मनातल्या मनात हिशेब करतो आणि केसपेपरवर लिहितो : सहा वर्षे.